पेरूएवढा श्वास

फ्रीजमधल्या गॅसला वास नसतो. असलाच तर इतका पुसट, की घामेजलेल्या माणसाच्या नाकाला तो कळायचा नाही. नळीचा एखादा सांधा सुटला की हा गॅस गुपचूप निघून जातो आणि मशीन मात्र काही झालंच नाही अशा थाटात घुरघुरत राहतं. आता ज्याला रंग नाही, वास नाही, असा चोर धरायचा कसा?

तर बिडीनं.

बिडी पेटवायची, तोंड नळीशी न्यायचं आणि सांध्यासांध्यापाशी थांबून एकेक झुरका मारायचा. जिथं गॅस निघत असेल तिथं धूर एकदम कडू लागतो. बिडीचा कडूपणा वेगळा, हा वेगळा. जिभेवर कुणीतरी जुनं नाणं ठेवल्यासारखा. कडू लागलं की थुंकायचं, खडूनं खूण करायची आणि सांधा जोडायला घ्यायचा. साबणाच्या फेसानंही गळती कळते, ते आम्हाला ठाऊक होतं. पण फेसाला डबा लागतो, ब्रश लागतो, आणि भिंतीकडच्या अडचणीतल्या सांध्यावर बुडबुडा आला तरी तो बघणार कोण? बिडी तर खिशातच असायची.

हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. शिरूरच्या स्टँडाजवळ त्यांचं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान होतं आणि सगळं शिरूर त्यांना मामाच म्हणायचं. मी मूळचा वाशीमकडचा. आठवीत शाळा सुटली, गावातल्या पोरांबरोबर रांजणगावला कंपन्यांच्या शेडची कामं करायला आलो, पोरं परत गेली आणि मी मामांच्या दुकानात चिकटलो तो चिकटलोच. दोन हजार सालाच्या आगेमागे गावोगावच्या दूध डेऱ्यांवर बल्क कूलर यायला लागले होते. म्हणजे स्टीलची मोठी टाकी. सगळ्या गावाचं दूध तिच्यात ओतायचं आणि टँकर येईपर्यंत गार ठेवायचं. त्यामुळं मामांची एम-एटी शिरूर आणि दौंड तालुक्यात नुसती फिरत असायची, आणि मागं अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन मी. तोवर मी विशीत आलो होतो आणि सांधा जोडण्यात माझा हात मामांपेक्षा साफ बसला होता.

मी बिडी ओढणारा नव्हतो. म्हणूनच बिडीचं काम माझ्याकडं आलं. तंबाखू चघळून मामांच्या जिभेला कशाचीच चव राहिली नव्हती. माझी जीभ कोरी. मामा गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचे, "ह्यो आमचा वऱ्हाडी. ह्याच्या जिभेपुढं मीटर झक मारतंय."

मी पहिल्यापासून काळजीखोर. कुलूप लावून दहा पावलं गेलो की परत येऊन ओढून बघणारा. गॅस चाखून काही होत तर नाही ना, असं मी मामांना सुरुवातीलाच विचारलं होतं. त्यावर मामांनी पिशवीतून एक डबी काढली. तिच्यात गूळ.

"काम झालं की एक खडा खायचा. नरड्यात जे काय आसंल ते गूळ खाली घिऊन जातो. आमचा उस्ताद खायचा, मी खातो. मला काय झालंय?"

मामांना काही झालेलं दिसत नव्हतं. आणि गूळ या भागात चांगला मिळतो. माझं समाधान झालं. नट-बोल्टांपेक्षा त्या डबीला मुंग्या जास्त लागायच्या एवढीच काय ती तक्रार.

तर वैशाखातली गोष्ट. दौंड तालुक्यात भीमेच्या काठी एक गाव आहे, तिथल्या डेरीवरून फोन आला. टाकी गार होईना. आम्ही पोचलो तेव्हा डेरीचे सेक्रेटरी दारातच उभे होते, टोपी हातात घेऊन.

"मामा, पाचला दूध यायला लागंल. आज मशीन गार न्हाई झालं तर गाव मला त्याच टाकीत बुडवंल."

"बुडवू द्या की," मामा म्हणाले. "तुमी तरी गार व्हाल."

मशीनची खोली म्हणजे टाकीमागचा एक पत्र्याचा कोनाडा. एक दार, एक खिडकी. नदीकडून वारं असं सुटलं होतं की दार आपटत होतं. आता वाऱ्यात बिडी खोटं बोलते. गॅस इकडं निघतो आणि वारा त्याला तिकडं नेतो, मग सगळेच सांधे गोड लागतात. म्हणून आमच्या धंद्यातली रीत अशी, की बिडी लावायच्या आधी दार-खिडकी घट्ट लावायची. मामा बाहेरून ओरडले, "दार लाव रं, वारं हाय!" मी दार लावलं, खिडकीच्या फटीत पोतं कोंबलं, मशीनमागं आडवा झालो आणि बिडी शिलगावली.

वरचे सांधे ठीक निघाले. खालच्या वाकणापाशी आलो आणि झुरका असा लागला, की डोळ्यांतून पाणीच आलं. एवढा कडू मी कधी चाखला नव्हता.

"घावलं का?" बाहेरून मामा.

"घावलं. थांबा, नक्की करतो."

नक्की करतो! कुलूप ओढून बघणारा माणूस मी. आणखी एकदा ओढली, मग अलीकडच्या सांध्याशी, मग परत पलीकडच्या. खोकत खोकत खूण केली. मामा गाडीवरची गॅसची टाकी आणायला गेले होते, म्हणून जोडायलाही मीच बसलो. सांधा वितळवून जोडायच्या टॉर्चची ज्योत वाऱ्यानं विझते, तेव्हा दार लावलेलंच. नळीत उरलेला गॅस अजून निघत होता आणि टॉर्चची निळी ज्योत कडेनं हिरवी झाली. हिरवी ज्योत आम्ही आधीही पाहिली होती. दिसायला छान दिसते. तिच्यातून जे निघतं ते किती वाईट असतं, हे ना मला ठाऊक होतं ना मामांना ना मामांच्या उस्तादाला.

सांधा सुरेख बसला. बाहेर आलो, तोंड धुतलं, गुळाचे दोन खडे खाल्ले. नरडं सोलल्यासारखं झालं होतं, पण चहा प्यायल्यावर बरं वाटलं. मामांनी गॅस भरला. नळीवर हळूहळू दव धरलं, मग पांढरा बर्फाचा थर चढला. हे बघायला मला अजूनही आवडतं. उन्हानं करपलेल्या गावात, पत्र्याच्या खोलीत, आपण जोडलेल्या नळीवर बर्फ धरतो. शाळेत मला कधी कुणी शाबास म्हटलं नव्हतं. ती पांढरी नळी म्हणायची.

पाचला दूध आलं. बायाबापड्या, सायकलवाले, किटल्या. सेक्रेटरींनी टोपी परत डोक्यावर चढवली. मी कट्ट्यावर बसून बघत होतो आणि बसल्या बसल्या मला दम लागायला लागला. आधी वाटलं, उन्हानं. मग छातीवर कुणी पेंडीचं पोतं ठेवल्यासारखं झालं. खोकला आला की फेस यायचा. आडवं व्हावं तर श्वासच बंद. सूर्य अजून मावळायचा होता आणि माझे ओठ निळे पडलेत असं सेक्रेटरी म्हणाले.

"मामा, गडी धापाय लागलाय. ह्याला हलवा."

दुधाचा टेम्पो दौंडला निघाला होता, त्यातच मला बसवलं. दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन, मध्ये मी, आणि माझ्या पाठीला टेकू देऊन मामा. मामा सारखी गुळाची डबी उघडत होते.

"खा. खा रं गड्या. एक खडा खा."

मला बोलता येत नव्हतं. मी मान हलवून नको म्हणालो. मामांना गुळापलीकडं काही सुचत नव्हतं, आणि मला त्यांचीच काळजी वाटत होती. आपण मेलो तर हे एम-एटी घेऊन एकटे शिरूरला कसे जातील?

दौंडच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. ठेंगण्या, चष्मा केसांवर चढवलेला. त्यांनी नाकावर ऑक्सिजन लावला, सुई टोचली, आणि मला जरा शब्द फुटायला लागल्यावर विचारलं, "काय हुंगलंस?"

"हुंगलं न्हाई," मामाच म्हणाले. "चाखलं."

"काय चाखलं?"

"गॅस. बिडीनं."

बाईंनी चष्मा केसांवरून डोळ्यांवर आणला. मामांनी सगळं सांगितलं. बिडी, दार, हिरवी ज्योत. शेवटी म्हणाले, "पण बाई, गूळ खाल्लाय त्यानं."

"किती?"

"दोन खडे."

"मग साखर तपासायला पाहिजे," बाई म्हणाल्या. मामांना वाटलं त्या खरंच बोलताहेत.

नंतर त्यांनी आम्हा दोघांना नीट समजावलं. हा गॅस थंड असतो तेव्हा गरीब असतो. विस्तवातून गेला की त्याचं विष होतं. बिडीचा विस्तव असो की टॉर्चचा. ते फुप्फुसात उतरतं, आणि वाईट हे, की लगेच कळत नाही. माणूस चहा पितो, गप्पा मारतो, आणि काही तासांनी छातीत पाणी भरायला लागतं. गूळ जातो पोटात. फुप्फुसाचा रस्ताच वेगळा.

मामांनी डबी खिडकीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तिथं मुंग्या होत्या.

मी बरा होत गेलो. मामा रोज दुकान अर्ध्या दिवसावर टाकून शिरूरहून यायचे. सेक्रेटरी दूध पाठवायचे, तेही आमच्याच टाकीतलं, गार. ज्यांचं माझ्याशी काही नातं नाही अशा माणसांनी मला तिथं उभं केलं. घरी सोडताना मात्र बाईंनी एक अट घातली.

"महिनाभर गॅस नाही, बिडी नाही, चुलीचा धूर नाही. रोज फुगे फुगवायचे. महिन्यानं ये, नळीत फुंकायला लावीन. श्वास भरला असेल तर काम कर. नसेल तर हा धंदा सोडायचा. दुसऱ्यांदा मी वाचवू शकेन असं नाही."

मला धंदा एवढा एकच येत होता.

शिरूरला मी एका धनगर कुटुंबाच्या आवारातल्या खोलीत राहायचो. घरचे म्हातारे आबा पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे. आता मुलगा शेती बघायचा आणि आबांपाशी हौसेपुरती चार मेंढरं उरली होती. मी आलो तसं आबांनी मला उभं करून नीट पाहिलं, पाठीवर हात ठेवला, बरगड्या चाचपल्या.

"मेंढरू आसतं तर इकलं आसतं," ते म्हणाले. मग आत बघून ओरडले, "आगं, ती चूल उचल तिथनं! गड्याच्या खोलीत धूर येतोय." वर्षानुवर्षं माझ्या खिडकीखाली असलेली चूल त्यांच्या कारभारणीनं, म्हणजे मावशींनी, त्याच दिवशी पलीकडच्या अंगाला हलवली. मावशींना त्यामुळं पाण्यासाठी लांब हेलपाटा पडायचा. त्या एकदाही बोलल्या नाहीत.

आणि मग फुगे. बाजारातून पुडाच आणला. विकणारा म्हणाला, "पोराचा वाढदिवस?" मी म्हणालो, "व्हय," कारण खरं सांगायला दम पुरत नव्हता.

पहिला फुगा लिंबाएवढा झाला आणि मला घेरी आली. दुसऱ्या दिवशीही लिंबूच. आबा बाजेवर बसून बघायचे आणि बाजारात मेंढरं पारखावीत तसे माझे फुगे पारखायचे. "आज रोडावलाय." "आज पोटाला बरा हाय." आवारातली पोरं सकाळपासून माझ्या दाराशी बसायला लागली, कारण फुगवलेला फुगा त्यांचा. कधी फुगा लहान झाला की कुरकुर सुरू. "काका, ह्यो तर सुपारीएवढाच हाय!" "काका, जोर लावा की!" मी रात्री पडल्या पडल्या स्वतःचा श्वास मोजायचो, आणि मोजायला लागलं की तो आणखीच अडखळायचा. पोरांपुढं अडखळायला मात्र सवड नसायची. दोन आठवड्यांनी फुगा पेरूएवढा झाला. उरलेले फुगे पोरांनी आवारातल्या तारेला बांधले. एक फुगा मेंढीनं खाल्ला. आबांनी त्याचा दोष मला दिला.

इकडं मामांनी आमच्या गावी, किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला होता. "पोरगं बरं हाय, काय काळजी करू नका." असा निरोप मिळाल्यावर कोणता बाप घरी बसेल? वखरणी झाली होती, पेरणीला अवकाश होता. बाबा अकोल्याला गाडीत बसले, दौंडला उतरले, एसटीनं शिरूरला आले आणि पत्ता विचारत आवाराच्या दारात उभे राहिले. समोर तारेवर लाल-पिवळे फुगे.

"काहून जी," बाबांनी आबांना विचारलं, "बारसं हाय काय इथं कोणाचं?"

"व्हय," आबा म्हणाले. "तुमच्याच पोराचं. दुसऱ्यांदा जल्मलाय. या, बसा."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवून फुग्यांकडं पाहिलं. सगळी हकीकत ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "निंगताना तुह्या आईनं काय सांगतलं होतं? बिडीले शिवू नको म्हणून?"

"कामापुरती ओढत होतो, बाबा."

"कामापुरती! मंग दारूचं काम भेटलं असतं तर?"

आबा इतके हसले की त्यांनाच खोकला आला. बाबा हसले नाहीत. "चाल घरी," ते म्हणाले. "कापूस येचता येचता कोणाच्या छातीत पाणी नाही भरत."

घरी दोन भाऊ होते आणि रान तेवढंच होतं. मी गेलो असतो तर भाकरीचा एक वाटेकरी वाढला असता आणि त्या पांढऱ्या नळ्या कायमच्या संपल्या असत्या. पण बाबांचंही चूक नव्हतं. आईनं त्यांना मला आणायलाच पाठवलं होतं. शेवटी आबांनी तोड काढली. "बाईंच्या नळीपतुर थांबा. पोरगं भरलं तर ऱ्हाईल, न्हाई भरलं तर तुमी न्या. तवर आमच्याकडं जेवा."

बाबा थांबले. आबांबरोबर मेंढरं घेऊन रानात जाऊ लागले. दोघांना एकमेकांची अर्धी भाषा कळायची नाही, तरी दिवसभर बोलत असायचे. संध्याकाळी बाबा माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणायचे, "फुगव." आणि मी फुगवताना तेही गाल फुगवायचे. एके दिवशी फुगा नारळाएवढा झाला. त्या दिवशी फुगा पोरांना न देता बाबांनी स्वतःच तारेला बांधला.

महिना भरला. मामा, बाबा आणि मी एसटीनं दौंडला गेलो. बाईंनी एक नळी दिली, तिच्यावर काटा. "पोटभर घे आणि एकदम सोड." मी सोडला. काटा सरकला. बाईंनी परत फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा फुंकून झाल्यावर मी विचारलं, "आणखी एकदा करू का? नक्की होईल."

"नको," बाई म्हणाल्या. "नक्की करण्यापायीच इथं आला होतास."

श्वास बराचसा परत आला होता. सगळा नाही, थोडा कमीच राहील, असं त्या म्हणाल्या, आणि तो राहिलाच. आजही मिरचीच्या फोडणीचा खाट उठला की मी घराबाहेर असतो. पण काम करायला हरकत नव्हती. दार-खिडक्या उघड्या, आत गॅस असेल तर तो आधी नीट काढून घ्यायचा, मगच विस्तव. मामांनी लगेच पिशवी उघडून दाखवली. गुळाच्या डबीत आता साबणाचा चुरा होता, बरोबर दाढीचा जुना ब्रश, आणि अडचणीतले सांधे बघायला मावशींनी दिलेला हाताएवढा आरसा. "बाई, आता बुडबुडाच बघतो," मामा म्हणाले. "त्याच्यात आपली जीभ लागत न्हाई."

बाबांची गाडी दुपारची होती. प्लॅटफॉर्मवर ते आपल्या थैलीची गाठ पुन्हा पुन्हा सोडत-बांधत होते. मी कुणावर गेलो ते तेव्हा मला कळलं.

"मी तं ऐकलं त्या बाईचं," ते म्हणाले. "पण तुह्या आईले काय सांगू? रिकाम्या हातानं गेलो तं ती मलेच घरात घेणार नाही."

मामा म्हणाले, "पेढे न्या दौंडचे."

"पेढ्यानं ऐकते काय ती?"

गाडी लागली. बाबा चढले, खिडकीत बसले. मग एकाएकी हात बाहेर काढून म्हणाले, "फुगा हाय काय खिशात?"

महिनाभराची सवय, खिशात फुगा होता. मी तिथंच उभा राहून फुगवायला लागलो. चहावाले बघत होते, एका डब्यातली पोरं मोजायला लागली. लिंबू गेलं, पेरू गेला, नारळ गेला. बाबा खिडकीतून गाल फुगवून बघत होते. मामा म्हणाले, "बास, बास, फुटंल." मी गाठ मारली आणि तो लाल फुगा गजातून आत जाईना, म्हणून मामा पळत जाऊन दारातून देऊन आले. बाबांनी तो धोतराच्या सोग्यात धरला, अंड्याची टोपली धरावी तसा. गाडी हलली. मला हात करायलाही त्यांनी फुगा सोडला नाही, नुसती मान हलवली.

तीन-चार दिवसांनी दुकानात फोन आला. आम्ही कुणाचा तरी फ्रीज उघडून बसलो होतो. मामांच्या हाताला फेस, माझ्या हातात आरसा, दुकानाची दोन्ही दारं सताड उघडी. पलीकडून किराणा दुकानाचा गलका आणि आईचा आवाज, लांबून बोलायचं म्हणून ओरडून.

"पोचला रे फुगा!"

"बरा आहे ना?"

"पेरूएवढा हाय. तुह्ये बाबा म्हणतात नारळाहून मोठा होता. खरं सांग, गाडीत उतरला का तूच कमी भरला होता?"

"गाडीत उतरला, आई."

मी तिचा श्वास ऐकत होतो आणि ती माझा.

"बरं," ती म्हणाली. "मंग दिवाळीले येताना तूच घेऊन ये. गाडीतून नको फुगवून आणू. इथं माह्यासमोर फुगव."